रिक्त पद, रिक्त जागा आणि पठारावरची वसाहत

पणजी महापालिका वगळली तर गोव्यात १३ नगरपालिका आहेत. त्यांपैकी उत्तर गोव्यातील एका पालिकेत काही महिने दोन खुर्च्या एकाच वेळी रिकाम्या होत्या: एक पालिका अभियंत्याची, दुसरी एका प्रभागाच्या नगरसेवकाची. शहरातली सर्वांत जास्त नवी घरे नेमकी त्याच प्रभागात उभी राहत होती. या परिस्थितीत पालिका मंडळाने काय ठरवले, काय टाळले आणि त्यातून काय निघाले, याची ही नोंद आहे.

शहर, प्रभाग, माणसे आणि इमारती ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. कायदे, सरकारी खाती आणि सार्वजनिक घटना मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत. शहराच्या वाढीवरची आपली सगळी चर्चा आराखडे आणि झोन यांच्याभोवती फिरते. मंजूर झालेले काम जागेवर जाऊन बघणारा माणूस पालिकेत आहे का, हे सहसा कोणी विचारत नाही. या पालिकेत तो प्रश्न टाळता आला नाही, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले.

पार्श्वभूमी

शहर तालुक्याचे ठिकाण, समुद्रापासून बरेच आत. आठवड्याचा बाजार, मामलेदार कचेरी, बसस्थानक, जुनी हायस्कुले, देवळाचा मोठा सभामंडप. घरात कोकणी आणि हातात मराठी दैनिक, असा इथला रिवाज. किनाऱ्यावरच्या गावांत जमिनींचे भाव कधीच चढले होते. इथे ते चढले मोपाच्या विमानतळामुळे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. पण जमिनींचे व्यवहार त्याच्या आधीपासूनच वाढले होते.

प्रकरणातला प्रभाग शहराच्या वरच्या अंगाला आहे. माथ्यावर पठार, पूर्वी तिथे काजूची बागायत होती. उतारावर आणि पायथ्याशी जुना वाडा. वाड्यात बरीचशी मुंडकारांची, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्यांची घरे, दर तीन-चार घरांमागे एक विहीर, आणि पठारावरचे पाणी खाली आणणारा एक व्हाळ. पठाराचा काही भाग प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये वसाहत क्षेत्र म्हणून दाखवला आहे, त्यामुळे तिथे घरे बांधणे बेकायदा नव्हते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गोव्यात अशा प्रकरणांत झोन कसा बदलला यावरच वाद होतो. २०२३ मध्ये नगर व ग्राम नियोजन कायद्यात आलेल्या कलम १७(२) खाली आराखड्यातल्या 'चुका' दुरुस्त होऊ लागल्या आणि त्यासाठी केलेले नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. आपल्या प्रकरणात त्यातले काहीच नव्हते. जमीन वसाहतीची होती, सनद होती, तांत्रिक मंजुरी होती.

अधिकारांची वाटणी समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. झोन ठरवते सरकार. तांत्रिक मंजुरी देते नगर नियोजन खाते. जमिनीच्या रूपांतराची सनद जिल्हाधिकाऱ्यांकडून येते. पाणी आणि वीज ही राज्याची खाती देतात. पायाभूत सुविधांसाठी २००९ च्या कायद्याने बांधकामावर जो कर बसतो, तो राज्याचा. पालिकेच्या हाती उरतात दोन दारे: पहिले बांधकाम परवाना, शेवटचे ऑक्युपन्सी दाखला, म्हणजे तयार इमारतीत राहायला जाण्याची परवानगी. पहिल्या दाराशी फाईल येते तेव्हा बाकी सगळ्यांनी होकार दिलेला असतो, म्हणून तिथे पालिकेला नाही म्हणायला जागा फारच थोडी असते. दुसऱ्या दाराशी मात्र पालिकेचा खरा अधिकार असतो: मंजूर नकाशात जे दाखवले ते जागेवर आहे का, हे पाहण्याचा. तो वापरायचा तर जागेवर जावे लागते.

आणखी एक गोष्ट. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ आणि तिच्यातले ६२ टक्के लोक शहरी भागात. त्याच जनगणनेत राज्यातील साधारण पाचापैकी एक घर रिकामे आढळले होते. त्यानंतरची जनगणना अजून पूर्ण झालेली नाही, त्यामुळे प्रभागांची लोकसंख्या आजही २०११ ची धरली जाते. पठारावरच्या नव्या इमारती त्या आकड्यात कुठेच नाहीत.

अडचण

पालिका अभियंता नियत वयोमानानुसार निवृत्त झाले. नगरपालिका प्रशासन संचालनालयाने दुसऱ्या एका पालिकेच्या अभियंत्याकडे इथला अतिरिक्त ताबा दिला. आठवड्याचे दोन दिवस ते इथे येत. तांत्रिक विभागात त्यांच्या हाताखाली एक कनिष्ठ अभियंता होता. तांत्रिक साहाय्यकाचे पद आधीपासूनच रिकामे होते.

अतिरिक्त ताबा म्हणजे प्रत्यक्षात काय, हे पालिकेबाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. दोन दिवसांतला पहिला दिवस जातो बिलांत, निविदांत, गटारांच्या मान्सूनपूर्व कामांत आणि बाजारपेठेच्या दुरुस्तीत. दुसरा दिवस बैठक, न्यायालयीन प्रकरणे आणि सह्यांचा. बांधकामाची पाहणी करायची तर गाडी लागते, मंजूर नकाशा हातात घेऊन टेपने मोजावे लागते, बुजवायच्या आधी टाकी उघडी असताना तिथे पोचावे लागते. त्या दोन दिवसांत सही बसते, पाहणी बसत नाही. या काळात फायली थांबल्या नाहीत, उलट बऱ्यापैकी वेगाने सुटत होत्या. थांबले होते ते जागेवर जाणे. वरून पाहणाऱ्याला पालिका सुरळीत चालल्यासारखीच दिसत होती.

याच सुमारास त्या प्रभागाचे नगरसेवक आजारपणात वारले. बरीच वर्षे निवडून येणारा माणूस. कोणाच्या कुंपणातून व्हाळ जातो, कोणी कुठे मातीचा भराव टाकला, हे त्यांना तोंडपाठ होते. पाहणी होत नव्हती तेव्हाही रस्त्यावरून जाता-येता त्यांच्या नजरेस पडलेले पालिकेत पोचत असे. ती वाटही बंद झाली.

मंडळातले गणितही बदलले. सत्ताधारी गटाचे बहुमत एका मताचे होते, ते गेले. आता प्रत्येक वादग्रस्त ठरावावर समसमान मते पडणार आणि नगराध्यक्षांचे निर्णायक मत लागणार हे स्पष्ट होते.

पहिला धक्का नाताळच्या सुट्टीत बसला. पठारावरच्या एका संकुलातली बरीच घरे एरवी कुलूपबंद असतात. मालक मुंबई, दिल्ली, बंगळुरूचे. सुट्टीत ती एकदम भरली. आठवडाभरात व्हाळाच्या कडेने दुर्गंधी सुरू झाली आणि खालच्या वाड्यातल्या दोन विहिरींचे पाणी बिघडले. आरोग्य केंद्राने नमुने तपासले, पाणी पिण्यास अयोग्य निघाले. कनिष्ठ अभियंता आणि सॅनिटरी इन्स्पेक्टर वर जाऊन आले तेव्हा कळले की मंजूर नकाशात दाखवलेली सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा जागेवर नाही. तिच्या जागी लहानशी सेप्टिक टाकी आणि उतारावर उघडणारा सोकपिट, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणारा खड्डा आहे. शहराला भूमिगत मलनिस्सारण नाही, त्यामुळे जे जमिनीत जाते ते विहिरीकडेच येते. संकुलाच्या पहिल्या टप्प्याला ऑक्युपन्सी दाखला मिळालेला होता. फाईलमध्ये सगळे दाखले होते: नियोजन खात्याचा पूर्णत्व दाखला, आरोग्य खात्याचा ना हरकत दाखला, बांधकाम मजबूत असल्याचे प्रमाणपत्र. पालिकेचा पाहणी अहवाल दोन ओळींचा होता आणि त्यात टाकीचा उल्लेखच नव्हता.

त्याच बांधकामदाराचा दुसऱ्या, मोठ्या टप्प्याच्या परवान्याचा अर्ज पालिकेत पडून होता. त्याच गठ्ठ्यात स्थानिकांचे पंधरा-वीस अर्जही होते: वडिलोपार्जित जागेत एक मजला चढवायचा, लग्न ठरलेल्या मुलासाठी मागे दोन खोल्या काढायच्या. इतर नव्या इमारतींत घर घेऊन बँकेचा हप्ता आणि भाडे दोन्ही भरणारी, ऑक्युपन्सीच्या प्रतीक्षेत असलेली कुटुंबेही होती. एकाच खिडकीवर ही सगळी माणसे उभी होती, हे पुढच्या निर्णयांचा विचार करताना विसरता कामा नये.

समोर असलेले पर्याय

वाड्यातल्या लोकांनी सह्यांचे निवेदन दिले आणि नगराध्यक्षांनी खास बैठक बोलावली. इतिवृत्त वाचले तर बैठक किती गोंधळाची झाली ते कळते, पण त्या गोंधळातून पर्याय पुढे आले, हेही तितकेच खरे.

सर्वांत जोरदार मागणी होती संपूर्ण स्थगितीची: पोटनिवडणूक होऊन नगरसेवक येईपर्यंत आणि पूर्णवेळ अभियंता मिळेपर्यंत त्या प्रभागात एकही परवाना नको. लोकांचा राग पाहता हा ठराव टाळ्यांत संमत झाला असता. पालिकेच्या वकिलांचा सल्ला विरोधात गेला. जमीन वसाहतीची आहे, बाकी सर्व मंजुऱ्या आहेत; अशा अर्जदाराला केवळ आपल्याकडे कर्मचारी नाहीत म्हणून अडवणे टिकणार नाही. तो संचालनालयाकडे अपिलात जाईल, तिथून पर्वरीला उच्च न्यायालयात जाईल, आणि पालिकेला मुदत घालून परवाना द्यावा लागेल. मोठ्या बांधकामदाराकडे वकील असतो. अडकून पडेल तो मागे दोन खोल्या काढणारा माणूस. मला हा मुद्दा पूर्ण पटतो. स्थगिती ऐकायला कडक वाटते, पण तिचा मार नेहमी दुबळ्या अर्जदारावर बसतो.

दुसरा पर्याय आहे तसेच चालू ठेवून अतिरिक्त ताब्याचा एक दिवस वाढवून मागण्याचा. खर्च शून्य, वाद शून्य. पण तिसरा दिवसही बिलांतच गेला असता.

तिसरा, निवृत्त अभियंत्याला कंत्राटी तत्त्वावर घेणे. यावर बराच वेळ चर्चा झाली. अनुभवी माणूस लगेच मिळाला असता, पगार पालिकेच्या निधीतून देता आला असता. अडचण अशी की अनधिकृत बांधकामाच्या नोटिशीवर किंवा पाहणी अहवालावर कंत्राटी माणसाची सही न्यायालयात कितपत टिकेल, याची वकिलांना खात्री नव्हती. शिवाय मंडळानेच निवडलेला आणि मंडळानेच मुदतवाढ द्यायचा माणूस नगरसेवकांच्या ओळखीच्या बांधकामावर शेरा मारू शकेल का? एका विरोधी नगरसेवकाने हे बैठकीत स्पष्ट विचारले आणि त्याला कोणाकडे उत्तर नव्हते. सरकारी नोकऱ्यांच्या आमिषाने पैसे उकळल्याच्या तक्रारी २०२४ च्या अखेरीस गोव्यात पोलिसांपर्यंत गेल्या. भरतीबद्दलचा संशय लोकांच्या मनात त्याच्या कितीतरी आधीपासून होता. अशा वातावरणात मंडळाने स्वतः माणूस नेमणे जोखमीचेच होते.

चौथा, दुसऱ्या सरकारी खात्यातून प्रतिनियुक्तीवर अभियंता मागणे. वेळ लागणार, पण सही पक्की आणि नोकरी मंडळाच्या हातात नाही.

पाचवा पर्याय कनिष्ठ अभियंत्याने मांडला, तोही थोडा बिचकत. सगळे अर्ज एका रांगेत का ठेवायचे? एका कुटुंबाच्या घरांची रांग वेगळी करा, आणि अनेक घरांच्या प्रकल्पांना तीन टप्प्यांवर पाहणी सक्तीची करा: जोते झाल्यावर, सांडपाण्याची टाकी झाकण्याआधी, आणि ऑक्युपन्सीच्या वेळी. प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि मोजमाप फाईलला. पाहणी झाली नसेल तर पुढचा कागद निघणार नाही. बैठकीतला सर्वांत उपयोगाचा प्रस्ताव हाच होता, आणि तो मंडळाबाहेरच्या, सर्वांत खालच्या पदावरच्या माणसाकडून आला.

नगरसेवकाच्या जागेबाबत पर्याय कमी होते. मृत नगरसेवकाच्या मुलाला मंडळाने तात्पुरते नेमावे, अशी सूचना एकाने केली. तशी तरतूद आपल्याकडे नाही. जागा भरते ती पोटनिवडणुकीने आणि ती घेतो राज्य निवडणूक आयोग. काही देशांत उरलेले मंडळच रिकामी जागा नेमणुकीने भरते, आपल्या कायद्याने तो हक्क मतदाराकडे ठेवला आहे, आणि ते योग्यच आहे. याच संदर्भात गोव्याचा स्वतःचा एक धडा आठवतो. राज्य निवडणूक आयुक्तपदाचाच अतिरिक्त ताबा कायदा सचिवांकडे दिला होता. १२ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी नोकरीत असलेल्या व्यक्तीकडे हे पद देता येणार नाही, आयुक्त स्वतंत्रच हवा. त्या खटल्यात पाच पालिकांतले प्रभाग आरक्षणही नव्याने करावे लागले. अतिरिक्त ताब्याने काम भागते हा आपल्या प्रशासनाचा समज किती वरपर्यंत पोचला होता, ते यातून दिसते.

पोटनिवडणुकीपर्यंत प्रभागाचे म्हणणे मंडळापुढे मांडायचे कोणी, हा प्रश्न उरला. शेजारच्या पंचायतीत माणूस ग्रामसभेत उभा राहून मोठ्या प्रकल्पावर प्रश्न विचारू शकतो. शहरातल्या माणसाला तशी सभाच नाही. राज्यघटनेच्या कलम २४३-एस खाली प्रभाग समित्या तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांत सक्तीच्या आहेत, आणि गोव्यात एवढे मोठे शहर एकही नाही. म्हणजे नगरसेवक गेला की त्या प्रभागाचा आवाज कायद्याच्या दृष्टीने बंद होतो. पालिका हद्दीत राहणाऱ्या गोंयकारावर हा मोठा अन्याय आहे आणि त्यावर फारसे कोणी बोलत नाही.

निर्णय आणि कृती

खास बैठकीत तीन गोष्टी ठरल्या.

पहिली, कनिष्ठ अभियंत्याचा दोन रांगा आणि तीन पाहण्यांचा प्रस्ताव. विरोधी गटाने स्थगितीचा आग्रह धरला, मते समान पडली, नगराध्यक्षांनी निर्णायक मत प्रस्तावाच्या बाजूने दिले. यावर नंतर टीका झाली: ज्या प्रभागाचा नगरसेवकच सभागृहात नाही, त्याच्याबद्दल एका मतावर निर्णय कसा घेता? टीका गंभीर आहे. तरी माझ्या मते इथे मत देणे बरोबर होते. हा नियम संपूर्ण शहराला लागू होता, कोणाचा हक्क काढून घेत नव्हता, आणि नव्या नगरसेवकाला तो पुढच्याच बैठकीत बदलायला सांगता आला असता.

दुसरी, प्रतिनियुक्तीसाठी संचालनालयाकडे पत्र आणि कायमस्वरूपी पद भरण्याचा प्रस्तावही सोबत.

तिसरी गोष्ट संकुलाच्या दुसऱ्या टप्प्याच्या परवान्याची. नगराध्यक्षांनी इथे निर्णायक मत वापरले नाही. विषय पुढे ढकलला. पोटनिवडणुकीनंतर प्रभागाचा प्रतिनिधी आल्यावर निर्णय घेऊ, असे इतिवृत्तात आहे. भावना समजण्यासारखी आहे. पण ठरावात तारीख नव्हती, अट नव्हती, बांधकामदाराने या काळात काय करायचे तेही नव्हते. मध्येच लोकसभेची आचारसंहिता लागली, गोव्यात ७ मे २०२४ ला मतदान झाले, आणि पोटनिवडणूक लांबत गेली. वकिलांनी सांगितले तेच घडले. बांधकामदार अपिलात गेला आणि ठरावीक मुदतीत अर्ज निकाली काढा, असा आदेश घेऊन आला. ज्या निर्णयासाठी नगरसेवकाची वाट पाहायची होती, तो अखेर नगरसेवकाशिवाय आणि घाईत घ्यावा लागला.

त्या घाईतही मंडळाने एक चांगली गोष्ट केली. आदेश आल्यावर नगराध्यक्षांनी प्रभागातल्या प्राथमिक शाळेत लोकांची सभा बोलावली. तिला कायद्याने काही दर्जा नव्हता. पालिकेचा पत्रव्यवहार आणि नकाशे इंग्रजीत असतात. या सभेची सूचना मात्र कोकणी आणि मराठीत काढून देवळाच्या फलकावर, दूध केंद्रावर आणि संकुलाच्या फाटकावर लावली. मुख्याधिकारी आणि कनिष्ठ अभियंता नकाशा भिंतीवर लावून समजावत होते. वाड्यातले लोक आले, संकुलात कायम राहणारी तीन-चार कुटुंबेही आली, आणि दोन्ही बाजूंनी पहिल्यांदाच एकमेकांना पाहिले. संकुलातल्या एका निवृत्त गृहस्थांनी सांगितले की आपल्याही नळाला एक दिवसाआड पाणी येते आणि टँकर घ्यावा लागतो. त्यानंतर सभेचा सूर बदलला. वाड्यातल्या एका आजींनी विचारले की तुम्हाला टाकी नाही हे घर घेताना कोणी दाखवले नाही का. त्यांनी खरेच पाहिले नव्हते.

सभेतल्या मुद्द्यांवरून अटी तयार झाल्या. दुसऱ्या टप्प्याचे जोते घेण्याआधी पहिल्या टप्प्याची सांडपाणी यंत्रणा पूर्ण करायची. व्हाळापासून अंतर सोडायचे आणि भराव टाकायचा नाही. डोंगरकापणी आणि सखल जमीन भरण्यावर नियोजन कायद्याच्या कलम १७-अ चे बंधन आहेच, पण ते परवान्यात पुन्हा लिहिले. पाणीपुरवठा खात्याकडून पाण्याची लेखी हमी. घरे टप्प्याटप्प्याने ऑक्युपन्सीला येतील. या अटींवर परवाना दिला गेला. विरोधी गटातल्या दोघांनीही बाजूने मत दिले, त्यामुळे निर्णायक मताची वेळ आली नाही.

परिणाम

प्रतिनियुक्तीवर जलस्रोत खात्यातला एक अभियंता आला. पाण्याची उतरण ओळखणारा माणूस मिळाला हा योगायोग, पण प्रभागाच्या फायद्याचा. पहिल्याच महिन्यात त्यांनी अनेक घरांच्या सर्व चालू प्रकल्पांची यादी करून पालिकेच्या फलकावर लावली: कोणता प्रकल्प कोणत्या टप्प्यावर, पाहणी झाली की नाही. बांधकामदारांनी सुरुवातीला आरडाओरडा केला, मग त्यांनीच पाहणीची तारीख मागायला सुरुवात केली, कारण तिच्याशिवाय पुढचा कागद निघत नव्हता.

एका कुटुंबाच्या घरांची रांग ठळकपणे वेगाने सरकली. ज्यांच्या मागे कोणी मोठा माणूस नाही अशांना परवाने मिळाले, हे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत मोलाचे फलित वाटते.

संकुलाची यंत्रणा बांधली गेली. पाहणीत ती एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास. दुसऱ्या टप्प्याचे काम त्यामुळे लांबले आणि घर आरक्षित केलेल्यांना त्याची झळ बसली. विहिरींचे पाणी सुधारले, तरी वाड्यातले लोक अजून ते पिण्यासाठी वापरत नाहीत. एकदा बिघडलेल्या विहिरीवरचा विश्वास प्रयोगशाळेच्या अहवालाने परत येत नाही.

पोटनिवडणूक अखेर झाली आणि खालच्या वाड्यातल्या एक बाई निवडून आल्या. संकुलातल्या फार थोड्या लोकांची नावे या मतदारयादीत आहेत. घरे इथे, मत मुंबई-दिल्लीत. प्रभागात छपरे वाढली, पण मतदार त्या प्रमाणात वाढले नाहीत. नव्या नगरसेविकांना घरपट्टी, कचरा, पाणी यांचा भार सगळ्या छपरांचा पाहायचा आहे, आणि जाब मात्र निम्म्याच छपरांखालची माणसे विचारणार. ही विसंगती पालिकेच्या हातात नाही. पण किती घरे वर्षभर वापरात असतात आणि किती फक्त सुट्टीत, याची मोजणी घरपट्टीच्या वसुलीबरोबर पालिकेला करता आली असती. ती झाली नाही, आणि त्यामुळे नाताळ-मे महिन्यातला सांडपाण्याचा भार आजही अंदाजानेच धरला जातो.

वेगळे काय करता आले असते

निवृत्तीची तारीख कोणाच्याही सेवापुस्तकात पहिल्या दिवसापासून असते. नगरसेवकाचा मृत्यू अनपेक्षित होता, अभियंत्याची निवृत्ती नव्हती. पद भरण्याचा प्रस्ताव निवृत्तीनंतर गेला. तो दीड-दोन वर्षे आधी जायला हवा होता. मंजुरी, जाहिरात, परीक्षा, कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट ही नेहमीची अट, मग निवड, आणि मध्येच एखादी निवडणूक. या सगळ्याला लागणारा वेळ कोणालाही ठाऊक असलेला आहे.

निवृत्त होताना अभियंत्याने चालू कामांची टिपण द्यायला हवी होती आणि मुख्याधिकाऱ्यांनी ती मागायला हवी होती. कोणत्या प्रकल्पाची टाकी अजून बघायची आहे एवढे जरी एका कागदावर असते, तरी पहिल्या टप्प्याची ऑक्युपन्सी तशी निघाली नसती.

दुसऱ्या टप्प्याचा विषय ढकलणे हा मंडळाचा सर्वांत महागात पडलेला निर्णय ठरला. शाळेतली सभा आणि तिच्यातून आलेल्या अटी आदेशाची वाट न पाहता पहिल्याच महिन्यात करता आल्या असत्या. तेव्हा बांधकामदारही अटी मान्य करायला जास्त तयार होता, कारण त्याला परवाना हवा होता आणि हातात आदेश नव्हता. नगरसेवक नाही म्हणून लोकांना विचारायचे थांबवणे, हा तर्कच मुळात उलटा होता.

परवाना शुल्काचा प्रश्न तसाच राहिला. मोठ्या प्रकल्पांकडून पालिकेला मिळणाऱ्या शुल्कातला ठरावीक हिस्सा पाहणीच्या खर्चासाठी वेगळा ठेवावा, अशी सूचना झाली होती: गाडी, मोजमापाची साधने, पाणी तपासणी. मंडळाने ती फेटाळली, कारण तोच पैसा रस्त्यांच्या डांबरीकरणाला हवा होता. डांबर लोकांना दिसते, पाहणी दिसत नाही, हे मला समजते. तरीही हा निर्णय चुकला असे मी म्हणेन. पठारावरची उरलेली वसाहतीची जमीनही येत्या काही वर्षांत बांधली जाईल, आणि कनिष्ठ अभियंता आजही पाहणीला स्वतःच्या स्कूटरवरून जातो.

शाळेतल्या सभेसारखी सभा दर वर्षी प्रत्येक प्रभागात घ्यावी, असा ठराव झाला आहे. कायद्याचा आधार नसल्याने पुढचे मंडळ तो गुंडाळून ठेवू शकते. नगरपालिका कायदा १९६८ चा आहे. त्यात शहरातल्या नागरिकाला ग्रामसभेसारखे व्यासपीठ देण्याची दुरुस्ती व्हावी, ही मागणी राज्यातल्या सगळ्याच पालिकांनी मिळून विधानसभेपुढे मांडायला हवी.

प्रतिनियुक्तीवरच्या अभियंत्याची मुदत आता संपत येईल. ती संपायच्या सहा महिने आधी कायम पदाचा पाठपुरावा करायचा आणि तोवर मुदतवाढ मागायची, असा ठराव नव्या नगरसेविकांनी मांडला. तो एकमताने संमत झाला. पत्र संचालनालयाकडे गेले आहे, आणि त्याची प्रत पालिकेच्या फलकावर पाहण्यांच्या यादीशेजारी लावली आहे.